आधी कोण उठलं

“उठली म्हणजे उठली! साऱ्या चर्चनं पाहिलं आणि तुम्हाला एकट्यालाच दिसंना?”

“साऱ्या चर्चनं नीट पाहिलं नाही, रेजिना. तू तरी नीट बघ. आधी कोण उठलं?”

“पुन्हा तेच!”

“आधी सिस्टर आग्नेस उठल्या. हे बघ. पुढच्या खुर्चीवर हात टेकला, तोंड वाकडं केलं, उठल्या. आता बघ, आता आपली इमू. सिस्टर उठल्या म्हणून पोरगी उठली. मोठं माणूस उठलं की आपण बसून राहायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं? मी शिकवलं.”

“म्हणजे देवानं नाही बोलावलं, तुम्ही उठवलं?”

“चेष्टा करू नको.”

“चेष्टा तुम्ही लावलीय. पोरगी रडतेय बघा त्यात. मान द्यायला उठलेलं माणूस असं रडतं व्हय?”

तातेरावांनी फोन ओट्यावर ठेवला, परत उचलला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. पोलंडमधल्या कुठल्याशा गावातल्या शाळेचा हॉल. देशोदेशीची पोरं खुर्च्यांवर बसलेली. जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा आटोपला होता, मोकळ्या माळावर झालेली शेवटची मोठी उपासना, मिस्सा, संपली होती आणि आपापल्या देशाला निघायच्या आधी हे चार-पाच गट प्रार्थनेला एकत्र जमले होते. पांढऱ्या दाढीचे एक फादर इंग्रजीत सावकाश म्हणत होते की, ज्याला ज्याला वाटतं देव मला सगळ्या आयुष्यासाठी बोलावतोय, त्यानं उभं राहावं. मग तो क्षण यायचा. पोरांना घेऊन गेलेल्या सिस्टर आग्नेस उठायच्या. त्यांच्या शेजारी इमेल्दा, तातेरावांची एकुलती एक इमू, उठायची. फोन धरणाऱ्या पोरानं लगेच फोन तिच्या चेहऱ्यावर नेलेला. टाळ्या. दाढीवाल्या फादरांचा हात तिच्या डोक्यावर. इमू दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली की तुकडा संपायचा.

हा तुकडा चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला आणि तेव्हापासून हैदराबादेत दिलसुखनगरच्या त्या दोन खोल्यांत फोन थांबेना. रेजिनाच्या मावशीचा जालन्याहून फोन आला. शेजारच्या सत्यवतीबाई तर साखर घेऊनच आल्या. “तुमची पोरगी सिस्टर होणार म्हणे! नशीब काढलं!” त्यांना सिस्टर म्हणजे चर्चची संन्यासिनी नव्हे, दवाखान्यातली नर्स वाटली होती, हे कळायला रेजिनाला बराच वेळ लागला.

“मी काय म्हणतो,” तातेराव आता आवाज उतरवून म्हणाले, “आज संध्याकाळच्या आत मला तिला एकदा विचारू दे. एवढंच. चारचौघांत नाव पुकारलं की संपलं. तुझी पोरगी तुला माहीत नाही का? पाचवीत बाईंनी चुकून तिचं नाव तेलुगू भाषणाला वाचलं. हिला तेलुगूत चार वाक्यं येत होती. माझं नाव नाही म्हणायचं की नाही? नाही! स्टेजवर गेली, चार वाक्यं बोलली, नमस्कार करून खाली आली. का? तर बाईंचा अपमान नको. अशी पोरगी आहे ही. आज इथल्या फादरनी हार घातला की ती जन्मभर तो हार उतरवणार नाही.”

रेजिना पदर खोचता खोचता थांबली.

“एक सांगू? तुम्हाला तिचं खरंखोटं नकोय. तुम्हाला पोरगी पाहिजे.”

“मग? तुला नको?”

तिनं पदर खोचून टाकला. एअरपोर्टला जायची वेळ झाली, एवढंच म्हणाली.

या चर्चची एक रीत होती. यात्रा वेलंकनीची असो की पोलंडची, ती तिकडं संपत नसे. निघताना भिंतीवरचा लाकडी क्रूस काढून सोबत न्यायचा, आणि परतल्यावर तो पुन्हा आपल्या जागी टांगला की यात्रा संपली. तोवर कुणी घरी जायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. थेट चर्च. तेव्हा पोलंडच्या यात्रेचा शेवटचा दिवस हा आजचा होता, हैदराबादेतला. संध्याकाळच्या मिस्साला क्रूस टांगायचा आणि त्यानंतर चर्चचे फादर इन्नय्या इमूला आईबापासकट वेदीपुढं बोलावणार होते.

आईबापासकट. तातेराव तर आजवर त्या चर्चच्या आत बसलेसुद्धा नव्हते.

त्यांचे वडील भिवाजी देगलूरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी हैदराबादेला आले आणि सरकारी छापखान्यात लागले. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, गाव मुंबईकडं गेलं, छापखाना इकडंच राहिला, म्हणून भिवाजीही इकडंच राहिले. त्याच साली त्यांनी धम्म घेतला. गावात असताना पाटलाची काठी लांबून वाजली तरी ओट्यावरून उतरून उभं राहावं लागे. शहरात आल्यावर त्यांनी घरात एक नियम घातला. भीतीनं कुणासाठी उठायचं नाही. पण घरातलं म्हातारं माणूस, शिकवणारे गुरुजी, दारात आलेला पाहुणा, यांच्यातलं कुणी उभं असताना आपण बसायचंही नाही. “आधी उठवत होते,” भिवाजी म्हणायचे, “आता आपण उठतो.” तातेरावांच्या गुडघ्यांना ही सवय अशी जडली की ऑफिसात साहेब आले तर एखादवेळ विसरतील, पण म्हातारा चपराशी उठला की हे उठलेच. इमूलाही तशीच लागली. बसमध्ये तर ती बसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

रेजिना त्यांना भेटली ती नारायणगुड्याच्या एका दवाखान्यात. ती तिथं आया होती आणि भिवाजी शेवटच्या दुखण्यात होते. ती जालन्याकडची, जन्माची कॅथलिक. लग्न ठरताना तिच्या लोकांचं एकच म्हणणं पडलं : होणारी लेकरं चर्चची. तातेराव हो म्हणाले. स्वतः मात्र होते तसेच राहिले. घरात एका भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, समोरच्या भिंतीवर मारियामाता. मधे जेवायला बसायची जागा. दर रविवारी ते मायलेकींना स्कूटरवरून हिमायतनगरच्या चर्चला सोडायचे आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली पेपर वाचत बसायचे. आतलं सगळं त्यांना आवाजावरून कळे. बाकांची करकर झाली की लोक गुडघ्यांवर आले. खोकल्यांची लाट आली की प्रवचन संपलं. इमू गायला लागली की त्यांचा पेपर खाली यायचा.

फादर इन्नय्या दारात आले की आधी हिंदीत आणि मग तेच तेलुगूत म्हणायचे, “तातेरावगारू, अंदर आओ ना. लोपलिकि रंडि!”

“बाहर हवा अच्छी है, फादर.”

“अंदर भी पंखे हैं!”

“बिल आप भरते, मैं कायकू खाऊं?”

आणि दोघं हसायचे. इतकी वर्षं हाच संवाद चालला होता.

यंदा ऑफिसात त्यांच्या वाट्याला एक विचित्र काम आलं होतं. ते रेकॉर्ड रूममध्ये अटेंडर. राज्याचे पुन्हा दोन तुकडे झाल्यापासून फायलींचीही वाटणी सुरू होती. काही गठ्ठे इथं राहणार, काही ट्रकमधून विजयवाड्याला जाणार. साहेब बोट दाखवायचे आणि तातेराव सुतळी बांधायचे. पंचवीस वर्षं शेजारी बसलेला सूर्यनारायणा गेल्याच आठवड्यात तिकडं गेला. जाताना टेबलाच्या खणातला सुपारीचा डबा तातेरावांच्या हातात दिला आणि म्हणाला, “मुझे किसीने पूछाच नहीं, रे. लिस्ट में नाम आया, बस.” तेव्हापासून हे वाक्य तातेरावांच्या डोक्यात बसलं होतं. मुझे किसीने पूछाच नहीं.

पोरीला तरी कुणीतरी विचारलं पाहिजे.

शमशाबादच्या एअरपोर्टवर त्यांना संधी मिळाली नाही. चर्चची निम्मी मंडळी हार घेऊन उभी होती. दारातून आधी क्रूस आला, मग थकलेली पोरं, मग चाकांच्या खुर्चीवर सिस्टर आग्नेस आणि ती खुर्ची ढकलत इमू. तिच्या गळ्यात लगेच इतके हार पडले की तोंड दिसेना. तिनं आईला मिठी मारली, तातेरावांच्या पायांना हात लावला.

“पप्पा, बारीक झालात.”

“इमू, मला जरा—”

“चलो चलो, व्हॅन में!” कुणीतरी ओरडलं, आणि पोरगी गर्दीतून वाहत गेली.

दुपारी तातेराव चर्चवर पोचले तेव्हा यात्रेकरू पोरं हॉलमध्ये बिर्याणी खाऊन चटयांवर आडवी झाली होती. बायका वेदीला फुलं लावत होत्या. फादर इन्नय्या ओसरीत खुर्चीवर बसून संध्याकाळचं काहीतरी जुळवत होते. तातेराव पुढं जाऊन उभे राहिले.

“फादर, आज नक्को.”

“क्या नक्को?”

“इमू का नाम. आज मत पुकारो. चूक झालीय. म्हणजे, मिस्टेक हुआ है.” आणि त्यांनी फोन काढून तो तुकडा दाखवला, बोट ठेवून. ही सिस्टर, ही इमू. ही आधी, ही नंतर.

फादरनी चष्मा वर करून पाहिलं. हसले नाहीत. हेच तातेरावांना बरं वाटलं.

“उसको पूछे?”

“कहाँ पूछूं? सबेरे से मिलीच नहीं.”

“तो जाके पूछो. वो बोली नहीं, तो मैं एक लफ्ज नहीं निकालूंगा. क्रूस टांगेंगे, खाना खाएंगे, घर जाएंगे.” फादर जरा थांबले. “मगर तातेरावगारू, पूछना. बताना नहीं.”

हे शेवटचं त्यांना लागलं, पण ते मान हलवून निघाले.

हॉलच्या मागच्या व्हरांड्यात सिस्टर आग्नेस पाय स्टुलावर टाकून पोटरीला मलम चोळत होत्या. सिस्टर मूळच्या वसईच्या. उभं आयुष्य हैदराबादेत गेलं तरी मराठी भेटलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

“या हो तातेराव! पाहा ही दशा. पोलंडला जाऊन काय आणलं, तर हे.”

“सिस्टर, एक विचारू? राग नका मानू. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही उठलात ते कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? गोळा आला हो पायात! असा कळवळला जीव. खुर्च्या बघितल्यात ना तिथल्या, पोरांच्या शाळेतल्या. मला या वयात कसलं नवं बोलावणं यायचंय? आता एकच यायचं बाकी आहे, आणि त्याला उभं राहावं लागत नाही.” त्या खदखदून हसल्या आणि मग हात थांबवून म्हणाल्या, “पण ऐका, इमेल्दाचं म्हणाल तर—”

तातेराव पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. त्यांच्या पायांत कुठलंसं बळ आलं होतं. गोळा! पायात गोळा! बस, झालं. आता फक्त पोरीनं हो म्हणायचं, फादरना सांगायचं, की संध्याकाळी तिघं स्कूटरवरून घरी. त्यांच्या मनात तर रात्रीच्या स्वयंपाकाचंही ठरून गेलं. ज्वारीची भाकरी. पोरगी इतके दिवस पाव खाऊन आलीय.

इमू मागच्या अंगणात नळाखाली तोंड धूत होती. गळ्यातला हार काढून तिनं नळाच्या खांबाला अडकवला होता. ते दिसताच त्यांना आणखी धीर आला.

“इमू.”

“पप्पा! कुठं होते तुम्ही? मी कवाची शोधतेय. मम्मी म्हणे रागात आहेत.”

“राग नाही गं. बस इथं.”

“तुम्ही उभे आहात.”

ते कट्ट्यावर बसले. मग तीही बसली. ओल्या चेहऱ्याची, डोळे झोपेनं जड झालेली. जाताना होती तीच पोरगी होती. तातेरावांनी दोनदा नीट पाहून घेतलं.

“मला एक सांग. खरं सांग. तिकडं तू उठलीस, ते सिस्टर उठल्या म्हणून ना?”

इमूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि एकदम हसली.

“व्हिडिओ बघितला तुम्ही. किती वेळा?”

“ते जाऊ दे. सांग.”

“हौ पप्पा. सिस्टर उठल्या म्हणूनच उठले. कळलंपण नाही उठले ते. फादर काय बोलत होते माहीत होतं मला, पण डोक्यात ते नव्हतंच. सिस्टर उठल्या, मी उठले. आपल्या घरच्यासारखं.”

“बघ!” तातेरावांनी मांडीवर थाप मारली. “मी कालपासून तुझ्या मम्मीला हेच सांगतोय! अगं, मग लाजायचं काय त्यात? चल, आत्ताच्या आत्ता फादरकडं जाऊ. चांगला माणूस आहे तो. मी बोललोय त्यांच्याशी. कुणाला राग येणार नाही. कुणाचा अपमान नाही, काही नाही—”

“पप्पा.”

“काय?”

“सिस्टर लगेच बसल्या.”

नळ नीट बंद झाला नव्हता. पाणी फरशीवर पडत होतं.

“ते व्हिडिओत नाहीये,” इमू म्हणाली. “त्यानं फोन माझ्याकडं फिरवला ना. सिस्टर पाय झटकून बसल्या परत. मग मी एकटीच. मलापण बसता येत होतं, पप्पा. मागची पोरगी ओढत होती ड्रेस, ‘बैठ रे, बैठ’ करून. मी बसायला गेलेच होते. खरंच. अर्धी वाकले. आणि मग वाटलं, नको.”

“काय नको?”

“बसायला नको.”

“असं काय वाटणं असतं का?”

“माहीत नाही मला. मला आवाज-बिवाज काही नाही आला. मम्मीला वाटतंय तसं काही नाही झालं. फक्त बसावं वाटलं नाही. पहिल्यांदाच कुणी उठलं नव्हतं समोर, आणि मी उभी होते.”

तातेराव फरशीवरच्या पाण्याकडं पाहत राहिले.

“मग रडलीस का?”

“तुमच्यासाठी.” तिनं ओढणीनं तोंड पुसलं, तरी ते ओलंच राहिलं. “मला वाटलं, आता पप्पा अजून लांब बाहेर बसतील.”

तातेरावांचा आवाज मोठा निघाला. “दोन मिनिटं उभी राहिलीस म्हणून अख्खं आयुष्य देऊन टाकायचं? कुठं पाठवतात, कुठं ठेवतात, वर्षातून एकदा भेटू देतात. आसामला पाठवतील. आफ्रिकेत पाठवतील. तुझी नोकरी? दिलसुखनगरच्या त्या कोचिंगवाल्यानं आत्ता कुठं तुला पर्मनंट केलंय.”

“सिस्टर म्हणाल्या, आधी एक वर्ष जाऊन राहायचं. नाही जमलं तर परत यायचं. कुणी बांधून ठेवत नाही.”

“परत येत नसतं कुणी!” ते म्हणाले. “मी गठ्ठे बांधतो रोज. गेलेलं परत येत नाही.”

“मी गठ्ठा आहे का, पप्पा?”

“नाही गं.” तातेरावांनी आवाज खाली आणला. “आम्ही दोघांनी काय करायचं, ते सांग. मला दुसरं काही विचारायचं नाही. संध्याकाळी आलो की तुझी चप्पल दारात लागते. ती नसली तर मी आणि तुझी मम्मी एकमेकांशी काय बोलायचं, ते सांग.”

हे ते पहिल्यांदाच बोलले होते. बोलून झाल्यावर त्यांनाच ऐकू आलं की सकाळी रेजिना बरोबर म्हणाली होती.

चर्चची घंटा वाजली. हॉलमधली पोरं उठून तोंडं धुवायला नळाकडं येऊ लागली, दोघांना पाहून दुसरीकडं वळली. आतून पेटीचा सूर आला. व्हरांड्याच्या टोकाशी रेजिना येऊन उभी राहिली होती. नवी साडी, हातात मोगऱ्याचा गजरा, पुढं यावं की न यावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

इमू उठली नाही. कट्ट्यावर वडिलांच्या बाजूलाच बसून राहिली.

“पप्पा, ऐका. तुम्ही म्हणाल तर मी बसते. आत्ता जाऊन फादरला सांगते की चूक झाली होती, सिस्टर उठल्या म्हणून उठले. खोटंपण नाही ते. कुणाला काही कळणार नाही. मम्मीला मी समजावते. उद्यापासून कोचिंगला जाते. परत हा विषय काढणार नाही, तुमची शपथ. पण तुम्ही म्हणा. मी माझ्या मनानं बसणार नाही. तुम्ही म्हणालात तर बसेन.”

तातेराव उभे राहिले.

तिनं वर पाहिलं. तीही उठेल, असं त्यांना वाटलं. उठायला हवं होतं, एवढ्या वर्षांची सवय होती. पण ती बसूनच राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

“सांगा, पप्पा. बसू?”

एकच शब्द होता. कालपासून ते तोच शब्द घेऊन हिंडत होते. स्कूटरवर, एअरपोर्टवर, फादरांपुढं, सिस्टरांपुढं. त्यांचे ओठ हललेही, पण तो शब्द बाहेर पडला नाही.

“काय ठरलं?” रेजिनानं लांबूनच विचारलं. “अहो, काय म्हणतेय ती? घंटा झाली. फादर बोलावतायत तिघांना.”

तातेराव व्हरांड्यातून तिच्या शेजारून गेले. तिनं गजऱ्याचा हात पुढं केला, तो तसाच राहिला. हॉलच्या दारात पोरं क्रूस खांद्यावर घेऊन रांगेत उभी होती, त्यांनी वाट करून दिली. अंगण ओलांडून, कुणाकडंही न पाहता, ते फाटकाबाहेर पडले आणि हिमायतनगरच्या रस्त्यानं चालू लागले.